आमदार बाबासाहेब आणि आपला हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



 

मी काही मोठा वक्ता नाही. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस आहे. खात्यातल्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे माझा आवाज मोठा वाटला तर रागावू नका. कमिटीने सांगितलं की दोन शब्द बोला. मी म्हटलं, बोलतो, पण विषय माझा असेल. तो विषय मला एका मुलीने दिला.

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालू होता. मी मुलांना विचारलं, बाबासाहेब कोण कोण होते ते सांगा. पोरं हुशार. घटनेचे शिल्पकार, बॅरिस्टर, कायदेमंत्री, अर्थतज्ज्ञ, प्राध्यापक, पत्रकार, बोधिसत्त्व. फळा भरला. मी म्हटलं, एक राहिलं. कोणाला येईना. मग मी खडूने लिहिलं, "आमदार". मुलं हसायला लागली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "काका, आमदार म्हणजे बॅनरवर असतात ते ना?"

हसू नका. त्या पोरीचं काय चुकलं? तिने आमदार पाहिला तो बॅनरवरच पाहिला. वाढदिवसाच्या, दहीहंडीच्या, आणि आपल्या जयंतीच्यासुद्धा. म्हणून आज मला तुम्हाला सांगायचं आहे की बाबासाहेब आमदार होते, आणि ते दुसऱ्या कुठले नव्हते, आपल्याच भागाचे होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले तो मतदारसंघ होता मुंबई शहर, भायखळा आणि परळ. आपण आज जिथे बसलो आहोत, तोच गिरणगाव.

मलाही हे फार उशिरा कळलं. महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्याने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा दुसरा खंड १९८२ साली काढला. कायदेमंडळातली भाषणं त्यात आहेत. मी १९८७ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, त्यानंतर एका जुन्या कार्यकर्त्याने तो खंड माझ्या हातात ठेवला. पुस्तक इंग्रजी, आणि मी रात्रशाळेत शिकलेला. शब्दकोश मांडीवर घ्यायचा, तिसऱ्या पाळीला जायच्या आधी दोन पानं वाचायची. कधी दोन पानांना चार दिवस लागायचे. पण जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, अरे, हे तर आपल्याच घरातलं बोलणं चाललंय. माझ्या आजीचं, आजोबांचं, वडिलांचं. तेच आज सांगतो.

आधी जागा समजून घ्या. पोयबावडीची बी.आय.टी. चाळ क्रमांक एक. खोली नंबर ५० आणि ५१. १९१२ पासून १९३४ पर्यंत, शिक्षणासाठी परदेशात काढलेली वर्षं सोडली तर, बाबासाहेबांचा संसार तिथे होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह झालं. दुसरी जागा परळचा दामोदर हॉल. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिची कचेरी तिथे होती. आणि तिसरी जागा म्हणजे कौन्सिल हॉल. रीगल सिनेमासमोर आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ना, ती दगडी इमारत. १९२८ पासून मुंबईचं कायदेमंडळ तिथे भरायचं. पावसाळी अधिवेशन पुण्याला. चाळ, कचेरी आणि सभागृह या तीन जागा लक्षात ठेवा. चाळीत ऐकलेलं दुःख कचेरीत कागदावर आलं आणि सभागृहात कायद्याच्या भाषेत बोललं गेलं. माझ्या मते आमदाराचं काम म्हणजे एवढंच, आणि एवढं सगळं.

निवडून येण्याच्या दहा वर्षं आधीपासून बाबासाहेब कायदेमंडळात होते. सरकारनेच त्यांना सभासद नेमलं होतं. १८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी शपथ घेतली. नेमलेला माणूस नेमणाऱ्याची री ओढतो, असं आपण बघतो. बाबासाहेबांनी पहिल्याच अधिवेशनात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड केली. मार्चमध्ये शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडे मांडले. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा अडाणी होतात. सरकार शिक्षणावर माणशी खर्च करतं १४ आणे, आणि दारूवरच्या करातून लोकांकडून घेतं त्याच्या कितीतरी पट. त्यांची मागणी साधी होती, की दारूतून जेवढं घेता, निदान तेवढं तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा. गिरणगावात पगाराच्या दिवशी पैसा कुठे जायचा हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच हा हिशेब सुचतो.

आणि बघा, शपथ घेऊन महिना होतो न होतो तोच, २० मार्च १९२७ ला, हाच सभासद महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या लोकांना घेऊन उभा होता. त्यामागे कायदेमंडळाचीच एक गोष्ट आहे. सीताराम केशव बोले यांचं नाव दादरच्या रस्त्याला आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत आहेत? भंडारी समाजातले, गिरणी कामगारांत काम केलेले गृहस्थ. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांचा ठराव कायदेमंडळात पास झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, पण कागदावर. पाणी प्यायला माणसं गेली ती १९२७ ला. यातून मी एक गोष्ट शिकलो. ठराव नसता तर आपला हक्क कागदावर आला नसता, आणि पाय नसते तर तो कागदावरच राहिला असता. आमदार आणि लोक, दोघंही लागतात.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगतो. माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. दिवसभर उभं राहून कांड्या भरायच्या. पहिल्या खेपेला ती शेवटच्या दिवसापर्यंत कामावर गेली. खाडा झाला तर पगार कापला जाणार आणि जागाही जाणार. मूल झालं ते जगलं नाही. आठव्या-नवव्या दिवशी ती पुन्हा खात्यात उभी. मी लहान असताना ती हे सांगायची तेव्हा रडायची नाही. कपाळाला हात लावून म्हणायची, "आमच्या नशिबात होतं, बाबा."

२८ जुलै १९२८ ला कायदेमंडळात बाळंतपणाच्या फायद्याच्या बिलावर चर्चा झाली. मालकांची बाजू घेणारे विरोध करत होते. बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. त्याचा बोजा खरं तर सरकारने मोठ्या प्रमाणात उचलावा, पण त्या बाईच्या कामाचा नफा मालक घेतो, म्हणून त्यानेही वाटा उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये देशाचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. आज आपल्या ज्या मुली बँकेत, ऑफिसात काम करतात, भरपगारी रजा घेतात, त्यांनी एकदा तरी हे भाषण वाचावं. माझी आजी ज्याला नशीब म्हणत होती, त्याला बाबासाहेबांनी कलम करून दाखवलं. माझे वडील त्या कायद्यानंतर जन्मले. मी इथे उभा आहे त्याला तोही एक आधार आहे, असं मी मानतो.

आजोबा रिंग खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं. का? तर धोट्यातल्या कांडीचं सूत तुटलं की ते तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. महाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? लाल बावट्याच्या सभेत सगळे कामगार एक, आणि साच्याजवळ आले की वेगळे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावून सांगितलं, की साचेखातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला. त्यांनी ती कुरकुरत घातली. कामगारांचा कैवार घेणाऱ्यालाही असा प्रश्न विचारायची हिंमत लागते. आपल्या बाजूच्या माणसाला प्रश्न विचारणं सगळ्यात अवघड, हे मी युनियनमध्ये तीस वर्षं राहून सांगतो.

आता १९३७ च्या निवडणुकीकडे येऊ. १५ ऑगस्ट १९३६ ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव बघा, जातीचं नाही, मजुराचं. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड. कोकणातून अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरबानाना टिपणीस, हे दोघेही सवर्ण समाजातले. भायखळा-परळला बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभे केले पळवणकर बाळू यांना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या फिरकीने नाव गाजवलेले ते मोठे क्रिकेटपटू. तेही चांभार समाजातले, मैदानावर अस्पृश्यतेचे चटके सोसलेले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. त्या वेळी सगळ्यांना मताचा अधिकारही नव्हता. भाडं, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. माझ्या आजोबांना मत नव्हतं. पण मतदानाच्या दिवशी ते खाडा करून मतदारांना बोलावायला चाळीचाळीत फिरले. ज्याला मत नाही त्याने दिवसाचा पगार बुडवला, आणि आज मत असलेली आपली पोरं मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याला जातात.

निवडून आल्यावर त्यांनी काय केलं? १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरं रत्नागिरीकडची. खोत म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारा. कष्ट आपले, पीक आपलं, आणि अर्धाअधिक वाटा खोताच्या ओटीवर, वर वेठ ती वेगळी. आमची माणसं गिरणीत आली ती मुंबईच्या हौसेने आली नाहीत. खोताने पिळलं म्हणून बोटीत बसली. परळच्या आमदाराने खेड-चिपळूणच्या जमिनीचं बिल का मांडलं, याचं उत्तर त्यात आहे. मतदारसंघ म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. मतदार कुठून आला आणि का आला, हेही आमदाराला ठाऊक पाहिजे. १९३८ च्या जानेवारीत कोकणातून आणि इतर भागांतून हजारो शेतकरी मुंबईत आले आणि त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, त्यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. बाबासाहेब आत आमदार होते, आणि बाहेर मोर्चाचे पुढारी.

मग आलं १९३८ चं औद्योगिक तंट्यांचं बिल. संप करण्याआधी नोटीस, मग तडजोडीची सक्ती, ती पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदेशीर आणि कामगाराला शिक्षा. सप्टेंबर महिन्यात बाबासाहेबांनी या बिलावर कलम-कलम घेऊन भाषण केलं. तिसऱ्या पाळीच्या आधी मी जे भाषण सगळ्यात जास्त वेळा वाचलं ते हेच. त्यांचा मुद्दा असा होता: माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाने कामगाराचं हे स्वातंत्र्य काढून घ्यावं, हे कसं?

सभागृहात मतं कमी पडणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते भाषण करून घरी बसले नाहीत. ज्यांच्याशी साचेखात्यावरून भांडण झालं होतं त्याच कम्युनिस्टांबरोबर एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप केला. आपल्या परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गिरण्यांच्या गेटावर उभे होते. पोलिसांनी गोळीबार केला. माझे आजोबा त्या दिवशी गेटावर होते, पायाला लागलेला दगड की लाठी, ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं, पण लंगडत चालणं शेवटपर्यंत राहिलं. त्याच महिन्यात पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाच्या उपायांचा ठराव मांडला, त्याचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. तोही नापास झाला.

आता मी जे बोलणार आहे ते नीट ऐका.

महार वतनाचं बिल बाबासाहेबांनी १९२८ ला मांडलं, ते मागे घ्यावं लागलं. १९३७ ला पुन्हा आणलं, तेव्हाही झालं नाही. ती वतनं गेली १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. संपाच्या बिलावर ते हरले, कायदा झाला. १९३९ ला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, सभागृहाचं काम थांबलं. मग आमदार म्हणून भायखळा-परळला बाबासाहेबांनी काय "दिलं"? लादी बसवली का? पत्रे घातले का? सभामंडप? पाण्याची टाकी? कोनशिलेवर नाव? काही नाही. बंधू-भगिनींनो, आज आपण आमदाराला ज्या मापाने मोजतो, त्या मापाने मोजलं तर बाबासाहेब नापास होतात. आणि याच मुंबईने १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांना नापास केलंही. नारायणराव काजरोळकर १,३८,१३७ आणि बाबासाहेब १,२३,५७६.

बाबासाहेब नापास की आपलं माप खोटं? आपण विचार करावा.

मी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. माझा स्वतःचा हिशेब सांगतो. २००१ साली मी विहार कमिटीचा चिटणीस होतो. या मंडपाचे पत्रे त्याच साली बसले. निधी लोकप्रतिनिधीचा होता. कोण, कुठल्या पक्षाचा, ते महत्त्वाचं नाही, आज ते पदावरही नाहीत. मी पंधरा दिवस धावपळ केली. ढोल-ताशे, शाल, श्रीफळ, हार. हार मी माझ्या हाताने घातला. भाषणात म्हटलं की असा लोकप्रतिनिधी होणे नाही. टाळ्या पडल्या.

त्याच साली गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला. १९९१ चा नियम असा होता, की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन भाग करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती वाटणीतून बाहेर. गिरणीत किती जागा मोकळी असते हो? सगळी खाती, गोदामं, चिमणी, बॉयलर. वाक्यात दोन शब्द घुसले आणि कामगारांच्या घरांची किती जमीन हातातून गेली! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मार्च २००६ मध्ये नवा नियम कायम झाला. त्यानंतर २०१२, २०१६ आणि २०२० साली घरांच्या सोडती निघाल्या, काही हजार कुटुंबांना घरं मिळाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. आपल्या चाळीतल्या किती म्हाताऱ्यांनी अर्जाची पावती उशाखाली ठेवून डोळे मिटले, ते तुम्हाला माहीत आहे. माझे वडील त्यातलेच.

हा बदल सरकारी अधिसूचनेने झाला, सभागृहात बिल आणून नव्हे, हे मला मान्य आहे. पण सरकारच्या अधिसूचनेवर सभागृहात प्रश्न विचारायचा असतो आमदारानेच. आमच्या लोकप्रतिनिधीने तो विचारला होता का? मला माहीत नाही. कारण मी कधी विचारलंच नाही! पंधरा दिवस मी त्यांच्या ऑफिसात रोज जात होतो. पत्रे कुठल्या गेजचे घालायचे ते विचारलं. जमिनीचं विचारलं नाही. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं, पाठीशी युनियन होती, घरात बाबासाहेबांचा दुसरा खंड होता. तरी नाही विचारलं. दोष मी त्या गृहस्थांना देत नाही. आम्ही पत्रे मागितले, त्यांनी पत्रे दिले. जो जे मागतो ते त्याला मिळतं.

माझे वडील १९८२ च्या संपात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला डॉ. दत्ता सामंतांचा संप. त्यातली एक मोठी मागणी होती बी.आय.आर. कायदा रद्द करा. कामगाराने आपली युनियन आपण निवडायची की कायद्याने डोक्यावर बसवलेली मानायची, हा प्रश्न होता. तो १९४६ चा कायदा आला कुठून? १९३८ च्या ज्या कायद्याला बाबासाहेबांनी विरोध केला, त्याच्या जागी. म्हणजे आजोबा १९३८ ला ज्याच्याविरुद्ध गेटावर उभे राहिले, त्याच्याच पुढच्या पिढीविरुद्ध वडील १९८२ ला घरी बसले. आईने तेव्हा खानावळ चालवली, गळ्यातलं मोडलं, मला शाळा सोडून रात्रशाळेत जावं लागलं. आणि मी? माझ्या गिरणीचं गेट २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला बंद झालं आणि काम पुन्हा सुरू झालं नाही. त्याच वर्षी संसदेत औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली. संपाआधी नोटीस देण्याची सक्ती आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना. तीन पिढ्या झाल्या, कलम तेच फिरून आलं. फरक एवढाच, की १९३८ ला आपल्या आमदाराने ते कलम आपल्याला मैदानावर येऊन समजावून सांगितलं होतं. या वेळी आपल्याला कोणी सांगितलं? आणि आपण कोणाला विचारलं?

मित्रांनो, आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. कालाम लोकांना भगवंताने काय शिकवलं? कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. जो धम्म म्हणतो की ये आणि पाहा, त्या धम्माच्या विहारात आपण न पाहता, न पारखता हार घालायचे? घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीचा रस्ता आहे. हा इशारा आपण दुसऱ्यांना ऐकवतो. आपल्या मंडपात येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत तो आपल्यालाही लागू आहे.

कोणी म्हणेल, काका, मग पत्रे नकोत का? पाऊस आला तर भिजत बसायचं? नाही. पत्रे घ्या, हक्काने घ्या. तो निधी कोणाच्या घरचा नाही, आपल्याच कराचा पैसा आहे. पण त्यासाठी मान वाकवू नका, आणि पत्र्यांवर समाधान मानू नका.

म्हणून मी या वर्धापनदिनी कमिटीपुढे तीन गोष्टी ठेवतो. खर्च काही नाही.

पहिली. विहाराच्या दाराशी जो फळा आहे, ज्यावर आपण पौर्णिमेचा कार्यक्रम लिहितो, त्याचा अर्धा भाग हिशेबाचा करा. विधानसभेचं अधिवेशन झालं की आपल्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या बिलावर भाषण केलं, ते तिथे लिहायचं. सभागृहाचं कामकाज छापलं जातं, आता मोबाईलवरही मिळतं. आपली कॉलेजची मुलं दिवसभर मोबाईलवर असतातच. महिन्यातून एक तास यासाठी द्या.

दुसरी. जयंतीला किंवा वर्धापनदिनाला जो लोकप्रतिनिधी येईल त्याचं स्वागत एका फुलाने करायचं आणि त्याला तीन प्रश्न लेखी द्यायचे. आमच्या घरांबद्दल सभागृहात काय बोललात? आमच्या कामाच्या कायद्याबद्दल काय बोललात? आमच्या मुलांच्या शाळेबद्दल काय बोललात? उत्तर फळ्यावर लावायचं. उत्तर दिलं नाही तर जागा कोरी ठेवायची. कोरी जागाही पुष्कळ बोलते.

तिसरी. अभ्यासवर्गात बाबासाहेबांची कायदेमंडळातली भाषणं वाचायची. महिन्याला एक. मी शिकवतो म्हणत नाही, मी सोबत वाचतो. माझं इंग्रजी अजून शब्दकोशाचंच आहे.

आणि ज्या मुलीने मला बॅनरचं विचारलं, तिला मी सर्वांदेखत सांगतो. बेटा, आमदार म्हणजे बॅनरवर असतो तो नव्हे. आमदार म्हणजे तुझ्या पणजीचं रडणं सभागृहात जाऊन बोलणारा माणूस. असा एक आमदार आपल्या परळला होता. तो हरला तरी वाकला नाही, आणि हरून परत आल्यावर मैदानात येऊन आपल्याला हिशेब दिला. पुढे तूच मोठी होऊन तिथे जाशील, कोण जाणे. गेलीस तर या फळ्यावर तुझंही नाव लिहू, आणि तुलाही हेच तीन प्रश्न विचारू. सोडणार नाही!

माझं बोलणं लांबलं. महिला मंडळाने खिरीचं पातेलं उतरवून ठेवलंय, वास इथपर्यंत येतोय. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा, आणि काही पटलं असेल तर उद्या फळ्यासाठी खडू घेऊन या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!